चाळीस लिटरचा कॅन

आमच्या गावच्या महिला दूध संस्थेचं सचिवपद मला मिळणार की नाही, हे माझ्या अकलेवर नव्हे, कमरेवर ठरणार होतं.

सहा वर्षं मी तिथे दुधाचं माप घेत होते, फॅट बघत होते, दुधात पाणी कुणी घातलंय हे नुसत्या चेहऱ्यावरून ओळखत होते. जुने सचिव परळीला मुलाकडे राहायला गेले, तेव्हा त्यांची खुर्ची माझ्याकडेच येणार असं मी धरून चालले होते. पण संस्था महिलांची म्हणजे कागदावर महिलांची. कागदावर चेअरमन माझ्या चुलत सासूबाई होत्या, आणि बोलायचे ते चुलत सासरे.

"सूनबाई, तुमचं काम चोख हाय," ते म्हणाले. "पन सकाळी टेम्पो आला की भरलेला कॅन वर कोन चढवनार? सचिवानंच चढवायचा, अशी आपली पद्धत हाय."

पद्धत होती, हे खोटं नाही. टेम्पोचा ड्रायव्हर पुढच्या गावाला उशीर होतो म्हणून खाली पायसुद्धा ठेवत नसे. त्या संध्याकाळी कुणी नाही बघून मी चाळीस लिटरच्या भरल्या कॅनला हात घातला. तो वीतभर वर आला आणि पुढचे दोन दिवस मी अंथरुणातून वर आले नाही. तरी तिसऱ्या दिवशी रागाच्या भरात जाऊन चुलत सासऱ्यांना सांगून आले, "दिवाळीपर्यंत थांबा मामा, एकटीनं चढवून दाखवते."

राग उतरल्यावर लक्षात आलं की आता काहीतरी करायला हवं. केजला एका जुन्या पहिलवानांनी तालमीची जिम केली होती, आणि दुपारी त्यांची सून बायकांना शिकवायची. माझं दूध सकाळ-संध्याकाळचं, दुपार मोकळी. मी पंजाबी ड्रेस घातला, लेकीचे बूट घातले आणि जीपमध्ये जाऊन बसले.

माझ्या सासूबाईंना हे काही केल्या पटेना. "टँकरपासून घरापतूर वजनच वजन हाय. हंडे हायेत, कळशा हायेत. ते सोडून जीपनं केजला जाऊन लोखंड उचलती, कावून?"

पहिले पंधरा दिवस मीही स्वतःला हेच विचारत होते.

पहिल्या दिवशी पहिलवानांच्या सुनेनं मला आरशासमोर उभं केलं आणि बराच वेळ बघून म्हणाली, "ताई, तुमी डावीकडं कलताय." खरंच कलत होते. वीस वर्षं कळशी डाव्या कमरेवर! ती म्हणाली, खेड्यातून येणाऱ्या सगळ्या अशाच येतात. दुसऱ्या दिवशी टँकरच्या रांगेत मी मागे उभी राहून नीट पाहिलं, तर अख्खी रांग डावीकडे कललेली. मला असं हसू फुटलं की माझा नंबर गेला.

मग खांद्यावर दांडा घेऊन उठाबशा काढायची वेळ आली. वजन न लावलेला नुसता दांडाच वीस किलोचा, आणि मानेखाली असा रुतला की मी काही विचार न करता ओढणी काढली, पिळली, तिची चुंबळ केली आणि मानेमागे ठेवून दांडा त्यावर घेतला. डोक्यावर हंडा घ्यायचा तर खाली चुंबळ लागतेच, त्यात विचारायचं काय? सगळी बॅच दांडे खाली ठेवून बघू लागली. पहिलवानांची सून हसता हसता खाली बसली. मग उठून तिनं कपाटातून फोमची एक नळी काढून दाखवली. "शहरात लोक हे इकत घेत्यात, ताई. राहू द्या, तुमचीच चांगली हाय."

मला जिममधलं सगळ्यात काय आवडलं असेल तर आराम. एक दिवस व्यायाम, एक दिवस आराम, आणि आरामाच्या दिवशी जड काही उचलायचं नाही, हा तिचा हुकूम. माझ्या उभ्या आयुष्यात मला आराम कर म्हणणारी ही पहिलीच बाई. मी घरी येऊन तो हुकूम मोठ्यानं वाचल्यासारखा सांगितला. आमचे हे हसले, पण हंडा घेऊन गेले. तीन खेपांनंतर घाम पुसत विचारलं, "तुझा आराम आठवड्यातून किती दिवस हाय?"

"चार," मी म्हणाले. त्यानंतर ते हसले नाहीत.

दसऱ्यापर्यंत मी पन्नास किलो जमिनीवरून उचलून कमरेपर्यंत आणत होते. पाठ सरळ, जोर पायांचा. मला माझाच अभिमान वाटत होता. पण त्या वर्षीही पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. जनावरं चारा छावणीत गेली, दूध आटलं. रोजचे दोन कॅन जायचे तिथे एक जाऊ लागला, मग तोही अर्धाच. मी मामांकडे गेले तर ते शांतपणे म्हणाले, "भरलेला कॅन ठरलं होतं, सूनबाई. भरू द्या की. अर्धा तर कुनीबी चढवतं."

म्हणजे पाऊस पडेपर्यंत मी वाट बघायची, आणि तोवर त्या खुर्चीत दुसराच कुणी बसणार. घरी येऊन मी रडले. चार महिन्यांचे कष्ट, आणि ते दाखवायला वजनच नाही!

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेसमोरच्या टँकरच्या रांगेत मी सगळं भडाभडा बोलून टाकलं. रांगेत पुढे एक म्हातारी होती, तिची कळशी नुकतीच भरली होती. ती म्हणाली, "कॅन आन हिकडं." मी धुतलेला रिकामा कॅन आणला, आणि तिनं त्यात दोन तांबे ओतले. तिच्यामागच्या बाईनं दोन. तिच्यामागचीनं तीन. आमच्या संस्थेच्या कॅनमध्ये सगळ्यांच्या देखत पाणी पडण्याची ती पहिलीच वेळ.

कॅन गळ्यापर्यंत भरला तोवर टेम्पो आला. मामा आले. काय चाललंय ते बघायला ड्रायव्हरही चक्क खाली उतरला. मी झाकण दाबून बसवलं, पदर खोचला आणि पाय रोवले. मागून एकीनंही शाब्बास म्हटलं नाही. सगळ्या एकच ओरडत होत्या, "सांडू नको गं!"

कॅन उठला. मांडीवर आला. एक श्वास घेतला आणि पायांच्या जोरावर वर ढकलला. टेम्पोच्या फळीवर तो धप्पकन बसला. थेंब सांडला नाही.

मामा कॅनकडे बघत राहिले. "बरं," एवढंच म्हणाले आणि सचिवाच्या खुर्चीवरची रजिस्टरं उचलून माझ्या टेबलावर ठेवायला संस्थेत गेले.

पण पाणी आता टेम्पोत होतं आणि टेम्पोला निघायचं होतं. चढवलेला कॅन उतरवायचा कसा, हे मला कुणी विचारलं नव्हतं, मीही ठरवलं नव्हतं. ड्रायव्हरनं हात पुढे केला. "हात लावू नका," मी म्हणाले, आणि दातओठ खाऊन कॅन एकटीनं खाली घेतला. चढवण्यापेक्षा ते अवघड गेलं.

मग दुधाचं माप घेऊन मी ज्याचं त्याला पाणी परत घालायला बसले. म्हातारीनं कळशी पुढे धरली.

"माझे दोन तांबे हायेत, सचिवबाई."

ते ऐकून मी मान वर केली, हातातलं माप कललं, चांगलं ओंजळभर पाणी मातीत गेलं, आणि सचिव म्हणून पहिल्या शिव्या मी तिथेच, डोळे पुसत पुसत खाल्ल्या.