सासऱ्यांच्या नावाचा फोन

बोंडअळीनं कपाशीची बोंडं पोखरली, त्या वर्षातली ही समीक्षाची गोष्ट. घाटंजीजवळच्या तिच्या सासरी फोन दोनच. एक नवऱ्याच्या खिशात. दुसरा सासऱ्यांचा, सदाशिवरावांचा. दुपारी ते झोपले की तिच्या हाती यायचा. यवतमाळला बी.ए. झालेल्या या पोरीनं एकच गोष्ट मनात धरली होती, तलाठ्याची परीक्षा. आणि सुनेनं नोकरी केलेली चालणार नाही, हे सासऱ्यांनी लग्नाच्या बैठकीतच सांगून टाकलं होतं. म्हणून सगळा अभ्यास चोरून, फोनचा आवाज बंद करून.

पाहिलेल्या व्हिडिओंची यादी ती रोज पुसायची. तरी एका संध्याकाळी सदाशिवरावांनी फवारणीचं पाहायला फोन उघडला, तर वरच तलाठी भरतीचे क्लास.

"मले कायले दाखवून राह्यला हा? या वयात मी तलाठी होतो काय?" ते हसले. मग हसू थांबलं. "सूनबाई, तू तर नाही पाहात ना?"

"नाही जी, मामाजी."

तेव्हापासून तिनं युक्ती काढली. आपला एक व्हिडिओ पाहिला की सासऱ्यांच्या आवडीचे चार लावायचे, म्हणजे वर तेच दिसतील. कपाशीचे भाव, औषधं, कीर्तन. ती भांडी घासायची आणि फोन पिठाच्या डब्यावर एकटाच चालू राहायचा. एका फोनवर अख्खं घर नांदतं, हे ज्यांनी तो व्हिडिओंचा पसारा मांडला त्या शहाण्यांच्या गावीही नव्हतं.

आपलं पाहिलेलं सासऱ्यांना दिसू नये म्हणून व्हिडिओवाल्यांचं तक्रारीचं पानही तिनं शोधून काढलं. पहिलाच प्रश्न, खातं कोणाच्या नावावर? म्हणजे संमती सासऱ्यांची, खासगीपणा सासऱ्यांचा, तक्रारीचं उत्तरही त्यांच्याच नावानं येणार. तिनं गुपचूप पान बंद केलं.

पुढे भीती इतकी वाढली की महिनाभर तिनं आपलं असं काही उघडलंच नाही. भरतीची जाहिरात निघाली की फोन दाखवेलच, तो तर असल्या गोष्टी मागे लागून दाखवतो, या भरवशावर ती राहिली.

बाजाराच्या दिवशी कॉलेजातली केतकी भेटली. "फॉर्म भरला न वं? कालच शेवटची तारीख होती."

घरी येऊन समीक्षानं फोनवर शोधलं. तारीख खरंच गेली होती. महिनाभर फोननं एक अक्षर दाखवलं नव्हतं. तिला संताप आला, पण तो काढायचा कोणावर?

"आण वं इकडे फोन," सदाशिवराव खाटेवरून म्हणाले. तिनं दिला. वरपासून खालपर्यंत नुसती कपाशी पाहून ते खूश झाले. "आता कसा बराबर वळखाले लागला मले!"

तिच्या मनातलं ओळखणारा त्या घरात तो फोन तेवढा एकच होता, आणि त्यालाही तिनं स्वतःच्या हातानं आपला विसर पाडला होता.