साहेबरावांचा बंगला

नोकराचं नाव साहेबराव असलं, की मालकाची पंचाईत ठरलेली. दौंडच्या बाहेर, भीमेच्या काठाला कावसशेठचा बंगला होता. शेठ पारशी. जंक्शनवर येणाऱ्याजाणाऱ्यांना चहा आणि आमलेट खाऊ घालून त्यांनी चार पैसे गाठीला बांधले आणि बायकोच्या हौसेखातर हा बंगला उठवला. कौलारू छप्पर, चारी बाजूंनी ओसरी, पुढे गुलछडीचे वाफे, मागे मोसंबीची बाग आणि बागेच्या कडेला दगडी बांधणीची, हत्ती बुडेल अशी विहीर. या सगळ्याचा राखणदार, माळी, इंजन चालवणारा आणि वेळप्रसंगी स्वयंपाकीसुद्धा एकच, तो म्हणजे साहेबराव.

रेल्वेतला कोणी बडा अधिकारी यायचा आणि फाटकातून हाक मारायचा, "साहेब आहेत का?" की मागच्या वाफ्यातून चिखलाचे हात पुसत साहेबराव हजर. "व्हय, मीच." अधिकारी गोंधळून जायचा आणि ओसरीवर आरामखुर्चीत बसलेले कावसशेठ पोट धरून हसायचे. ते सांगायचे, या घरात साहेब एकच आहे, आणि तो विहिरीवर असतो. बिचाऱ्या साहेबरावाला त्यात हसण्यासारखं काय आहे हे कधी कळलं नाही. आईबापांनी मोठ्या उमेदीनं ठेवलेलं नाव होतं ते. बाप लोकोशेडमध्ये कोळसा ओढायचा, आणि त्यानं आयुष्यात कोणाला साहेब म्हणायचं बाकी ठेवलं नव्हतं. तेव्हा पोराला तरी लोकांनी साहेब म्हणावं, एवढाच त्याचा हिशेब.

शेठच्या बायकोचं नाव दीनबाई. बोलायला फटकळ, पण काळजानं लोणी. विहिरीला पाणी लागलं त्या दिवशी तिनं साहेबरावाला एक नेम घालून दिला होता. पाणी मागायला कोणी आलं तर त्याची जात विचारायची नाही, गाव विचारायचं नाही, आणि नाही म्हणायचं नाही. हे सांगताना तिला काही मोठं सांगतोय असं वाटत नव्हतं. साहेबरावाला मात्र वाटलं. बुद्धाच्या वाटेनं गेलेल्या घरातला तो माणूस. लहानपणी विहिरीपासून लांब उभं राहून, कोणी वरून ओतेल म्हणून ओंजळ धरलेली त्यानं पाहिली होती, धरलीही होती. आता एका भरल्या विहिरीचा दोर त्याच्या हातात होता. दीनबाई गेली, शेठ थकून पुण्याला भावाकडे राहायला गेले, बंगल्याच्या खोल्यांना कुलपं लागली, पण नेम काही मोडला नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. भीमेच्या पात्रात गाढवं लोळायला लागली. मोसंबी उभ्या जागी वाळली. साहेबरावानं एकेक झाड तोडताना असं तोंड केलं होतं, की बायको मालनबाईनं त्याला दोन दिवस भाकरीचा आग्रहसुद्धा केला नाही. पण दीनबाईच्या विहिरीचा तळ काही दिसला नाही. पुढच्या वैशाखात न्हावऱ्याचे सोपानराव फाटकात येऊन उभे राहिले. चांगले बागाईतदार गडी, पण त्या वर्षी बाग कुठली आणि काय. थोरल्या मुलीचं लग्न दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या मुलाशी ठरलेलं, आणि गावात पंगतीला पाणी नाही. पोरीचं लग्न तिच्या बापाच्या दारात व्हायचं, ही आपली रीत. पण दारात पाणीच नसेल तर रीत काय चाटायची? सोपानराव पाणी मागायला आले होते. बैलगाडीतून पिंपं भरून न्यावीत, असा त्यांचा विचार.

साहेबरावानं डोकं खाजवलं. न्हावऱ्यापर्यंत गाडीनं पाणी न्यायचं म्हणजे निम्मं वाटेतच सांडणार. त्यापेक्षा लग्नच विहिरीपाशी आणलं तर? मोसंबी तोडून मोकळं झालेलं रान तर उजाडच पडलं होतं. दीनबाईनं पाण्याला नाही म्हणू नको म्हणून सांगितलेलं, आणि लग्न म्हणजे तरी काय, अक्षता सोडल्या तर निम्मं पाणीच की. शेठना न विचारता त्यानं हो म्हणून टाकलं. भाबड्या माणसाचं तर्कशास्त्र असंच असतं. वकिलाला सुचायचं नाही ते त्याला सुचतं.

लग्नाच्या दिवशी ट्रकभर वऱ्हाड आलं. सोपानरावांच्या भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं विहिरीवर इंजन चालवणारा माणूस पाहिला, चौकशी केली, आणि तोंड वाकडं करून विचारलं, की पाणी यानं भरायचं होय? सोपानरावांनी आवाज चढवला नाही. "आबा, गावात टँकर येतो तवा डायवरला कुळी इचारली का तुम्ही?" एवढंच म्हणाले. आबा थोड्या वेळानं तांब्याभर पाणी प्यायले. मग आणखी एक तांब्या.

रात्री मांडव उतरल्यावर पत्रावळी गोळा करताना साहेबरावाच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. सगळं न्हावरं आपल्या हातचं पाणी प्यालं, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. मालनबाई खराट्यानं अंगण झाडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "तहान हुती म्हणून प्याले. आपल्या घरी जेवाया येत्याल, तवा सांगा मला."

बायकोचं बोलणं खरं असलं की फार लागतं. त्या रात्री साहेबरावानं मनाशी ठरवून टाकलं. आपली रंभा आता मोठी होतेय. तिचं लग्न याच रानात करायचं, आणि इथलं पाणी प्यालेल्या सगळ्यांना जेवायचं आवतण द्यायचं. येतात की नाही, ते पाहायचं. सकाळी त्यानं हे सांगितलं, तेव्हा मालनबाई एवढंच म्हणाली, "बघू."

पाऊस पडला, विहिरी भरल्या, आणि साहेबरावाला वाटलं, आता संपलं. पण लोकांना जागेची चटक लागली होती. स्टेशन जवळ, चिंचेची सावली, गुलछडीचा वास, आणि पाण्याला तोटा नाही. दर वैशाखात नदीकाठी मांडव पडू लागले. साहेबराव पुण्याला जाऊन शेठना सांगून आला होता, की लोक लग्नाला जागा मागतात. शेठना तोपर्यंत कमी ऐकू येऊ लागलं होतं. त्यांनी मान हलवली आणि बागेतल्या मोसंबीची चौकशी केली.

घोटाळा झाला तो शहात्तर साली. सोपानरावांनी धाकट्या मुलीचं लग्नही तिथंच धरलं. आता गावात पाणी होतं, पण थोरलीचं लग्न लाभलं म्हणून धाकटीचंही तिथंच. दौंडच्या छापखान्यात पत्रिका छापायला गेले. छापखानेवाल्यानं विचारलं, लग्नाचं ठिकाण कुठलं? सोपानराव म्हणाले, "साहेबरावाचा बंगला." न्हावऱ्यात सगळे असंच म्हणायचे, कावसशेठना त्यांच्यातल्या कोणी पाहिलंच नव्हतं. छापखानेवाल्यानं साहेबरावाला एक अनुस्वार वाढवून आणखी मान दिला आणि तांबड्या शाईत छापलं, 'विवाहस्थळ : साहेबरावांचा बंगला, दौंड.'

पत्रिका हातात पडताच साहेबरावानं ती घडी घालून सदऱ्यात लपवली. दिवस जमिनीच्या सीलिंगचे होते. कसेल त्याची जमीन झालीच होती, आता राहील त्याचं घर होणार, अशा गप्पा स्टँडवरच्या हॉटेलात रोज उठायच्या. कोणी चेष्टेनं म्हणायचं, साहेबराव, पत्रिकेवर नाव लागलं, आता सातबाऱ्यावर लावा. त्या जागेवर डोळा असलेला एक ठेकेदार होता. त्यानं तीच पत्रिका पुण्याला शेठच्या हातात नेऊन दिली, आणि वर तिखटमीठ लावलं ते वेगळंच. हे साहेबरावाच्या कानावर आलं, तेव्हा लग्न दोन दिवसांवर होतं. बंगल्यामागच्या खोलीत त्याची सगळी हयात गेली होती. ती जाणार, नोकरी जाणार, आणि रंभाचा मांडव या रानात कधीच पडणार नाही. त्यानं मालनबाईला भांडी आवरायला सांगितली. तिनं आवरली नाहीत.

लग्नाच्या सकाळी फाटकापाशी टांगा थांबला. आतून पांढरा डगला, काळी टोपी आणि काठी असे कावसशेठ हळूहळू उतरले. हातात पत्रिका. साहेबराव पाण्याच्या पिंपापाशी खिळल्यासारखा उभा राहिला. तेवढ्यात पाहुण्यांच्या स्वागताला उभे असलेले सोपानराव हात जोडून पुढे गेले आणि नेहमीच्या रीतीनं विचारलं, "या. कुणीकडचं पाव्हणं? मुलाकडचं का मुलीकडचं?"

आपल्याच घराच्या फाटकात शेठला ही विचारणा. साहेबरावानं डोळे मिटून घेतले.

कावसशेठनी कानामागं हात धरून प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग मांडवाकडे, विहिरीकडे, गुलछडीच्या वाफ्यांकडे पाहिलं. आणि म्हणाले, "मी? मी साहेबरावकडचा."

सोपानरावांनी त्यांना अत्तर लावलं, हाताला धरून पुढच्या खुर्चीवर नेऊन बसवलं. अक्षता पडल्या. मग मानपान निघाले. जागेवाल्याचा मान म्हणून सोपानरावांनी साहेबरावाला मांडवात बोलावलं आणि नारळ, टॉवेल, टोपी पुढे केली. गावच्या लग्नात ज्याच्या बापानं पंगत उठल्यावर पत्रावळी उचलल्या, त्याला मांडवाच्या मधोमध टोपीचा मान. साहेबरावानं तो दोन्ही हातांनी घेतला आणि सरळ जाऊन शेठच्या पुढ्यात ठेवला. त्याला एवढंच बोलता आलं, "शेठ, पत्रिकेत चूक झाली."

"चूक कसली?" शेठ म्हणाले. त्यांनी नारळ आणि टॉवेल मांडीवर घेतला. टोपी उलटसुलट करून पाहिली. "माझ्या डोक्यावर एक हाय," असं म्हणून ती त्यांनी साहेबरावाच्या डोक्यावर ठेवली. बस. पुन्हा त्या पत्रिकेचा विषय कधी निघाला नाही. जाताना शेठनी मोसंबीच्या जागी रांगेनं काय लावता येईल याची तेवढी चौकशी केली आणि नदीकडे पाहत, दीनबाईला लग्नाची फार हौस होती, असं म्हणाले.

दोन वर्षांनी कावसशेठ गेले. त्यांचा मुंबईचा मुलगा आला. जागा विकायची की ठेवायची या विचारात होता. हिशेबी माणूस, मांडव पडतात हे पाहिल्यावर त्यानं पत्र्याची मोठी शेड घातली, फाटकावर 'दीनबाग मंगल कार्यालय' अशी पाटी लावली आणि साहेबरावाला कायम केलं. पाटी छान होती. एसटीतले लोक मात्र कंडक्टरला साहेबरावाचा बंगला आला की सांगा, असंच म्हणायचे.

एकोणऐंशीच्या वैशाखात रंभाचं लग्न निघालं. साहेबराव न्हावऱ्याला गेला, राहू गावाला गेला, ज्यांची लग्नं रानात झाली त्या घराघरांत आवतण देऊन आला. सगळ्यांनी चहा पाजला. सगळे "येतो की" म्हणाले. येतो की आणि येतो यांत केवढं अंतर असतं, हे मालनबाईला चांगलं माहीत होतं. तरी साहेबरावानं लापशी आणि आमटी-भात मोजून नव्हे, मनाला येईल तेवढा रांधायला सांगितला. अंगावर नवा सदरा, डोक्यावर ती टोपी.

दोन्ही तसबिरींना हार घातले, त्रिशरण-पंचशील झालं, वधूवरांनी एकमेकांना हार घातले. दौंडच्या वस्तीतली माणसं आली, रेल्वेतली आली. राहूहून एकानं आहेर पाठवला, स्वतः आला नाही. आणखी एकजण आला, आहेर दिला आणि उपास आहे म्हणून निघाला. त्या दिवशी कसला उपास होता, देव जाणे. पहिली पंगत उठली. दुसरी बसली, तिच्यात अर्धी रांग मोकळी. साहेबराव फाटकाकडे बघत नव्हता. न बघण्याचं इतकं कष्टाचं काम त्यानं जन्मात केलं नव्हतं. मालनबाई त्याच्याजवळ येऊन उभी राहिली, आणि त्या वेळी तिला आपलं जुनं बोलणं परत घेता आलं असतं, तर तिनं घेतलं असतं.

तेवढ्यात रस्त्यावर धूळ उठली. ट्रक येऊन थांबला. आधी सोपानराव उतरले, मग त्यांच्या दोन्ही मुली, जावई, भावकी. मागच्या फळीवरून दोघांनी आबांना धरून खाली घेतलं. फाटकात मुलाकडचा एक पोक्त माणूस उभा होता. त्याला ही मंडळी अनोळखी. त्यानं रीतीप्रमाणे विचारलं, "कुणीकडचं पाव्हणं?"

"साहेबरावाकडचं," सोपानराव म्हणाले.

साहेबराव पळतच गेला. धुळीनं भरलेली माणसं, उन्हातून आलेली. त्याला एवढंच सुचलं, की तांब्या भरून पुढे करावा. आबांनी तो बाजूला सारला.

"पाणी मागाहून," ते म्हणाले. "आधी जेवाया वाढा."

मालनबाईनं तोंडाला पदर लावला आणि लापशीची बादली उचलली.