बुधवारचा सराव

मैत्री गवई अकोल्याहून पुण्याला आली ती पीएचडीसाठी. समुपदेशक घडवायचे कसे, हा तिचा विषय. वय अडतीस, लग्न केलेलं नाही, खडकीत भाड्याची एक खोली. तिच्याबरोबर प्रवेश घेतलेल्या दोघींनी दुसऱ्याच वर्षी संशोधन सोडलं. विभागात बरोबरीचं कुणी उरलं नाही.

एम.ए.च्या मुलींना सराव मिळावा म्हणून दर बुधवारी ती त्यांच्यासमोर दुःखी बाई होऊन बसायची. कधी सासुरवास, कधी नोकरी गेलेली. दुःख ती घरूनच ठरवून आणायची. एका बुधवारी मात्र काही सुचलंच नाही.

समोर भाग्यश्री नावाची विद्यार्थिनी होती. मैत्री तिला म्हणाली, "शुक्रवारी संध्याकाळी दार लावते, ते सोमवारी सकाळी उघडते. मधे कुणाशी एक शब्द होत नाही."

भाग्यश्रीने वहीत न बघता विचारलं, "जेवलात का, असं तुम्हाला शेवटचं कुणी विचारलं?"

मैत्रीला आठवेना. भाग्यश्री शांत बसून राहिली. तसं बसायला मैत्रीनेच शिकवलं होतं.

सराव संपल्यावर भाग्यश्री म्हणाली, "मॅडम, आजची केस अगदी खरी वाटली. कुठून सुचतं तुम्हाला?"

"सुचतं," मैत्री म्हणाली आणि भाग्यश्रीच्या मूल्यमापनाच्या कागदावर तिने लिहिलं, 'उत्तराची वाट पाहिली, हे उत्तम.'

बसस्टॉपवर येऊन तिने आईला फोन लावला.

"काहून वं, आज तं सोमवार नाही," आई दचकून म्हणाली.

"सहजच. बोल ना काहीतरी."

आईने शेजारच्या लग्नाचं सांगायला घेतलं. मैत्रीने खडकीच्या दोन बस जाऊ दिल्या.