हात आईच्या हातात, काच राळेवर

मंडळींनो, आपण सगळे मिळून बनवतोय त्या दुर्बिणीचा आरसा आज माझ्या हातून अडकला. ही वही फिरत तुमच्यापर्यंत येईल तेव्हा तो सुटलेला असेल किंवा तडकलेला.

दुपारी उमेळ्याला घरच्या ओसरीवर मी आरशाच्या काचेला पॉलिश करत होतो. तिच्या खोलगट बाजूवर पडलेला ताऱ्याचा सगळा प्रकाश एका बिंदूत यायला हवा, म्हणून ती राळेच्या थरावर सतत फिरवावी लागते. थांबली की चिकटते. थांबायचं तर आधी उचलून ठेवायची, हे मीच तुम्हाला बजावलं होतं.

आतून आईने पाणी मागितलं. पटकन देऊन येऊ म्हणून काच तशीच सोडून गेलो. पाणी पिऊन तिने माझा हात धरला आणि तिला झोप लागली. दुखण्यामुळे रात्रभर तिचा डोळा लागला नव्हता. हात सोडवला असता तर ती जागी झाली असती. मी बसून राहिलो.

संध्याकाळी आपल्यातला पास्कल आला. काच हलेना.

"पाचूबंदरहून मासळीचा बर्फ आणतो, सर. हळूहळू गार करू, मग सुटेल."

"आणि तडकली तर?"

"तर नवी घासायला बसा. या वेळी आईची खाटच ओसरीवर आणू."

आई सगळ्यांना सांगतेय, लेक जवळ बसला म्हणून झोप लागली. खरं तर तिने कूस बदलून हात सोडावा, याचीच मी सारा वेळ वाट बघत होतो.

काचेबद्दल रागवा. पण अशा बसण्याला सोबत म्हणायची का, तेवढं खाली लिहा.