फळीवरचे जोडे

पर्वतातील त्या राष्ट्रीय उद्यानाच्या द्वारपालाला सारे 'दादा' म्हणत. हिवाळ्यात येणाऱ्या प्रत्येकाने आपले जोडे फाटकालगतच्या खोलीत फळीवर ठेवायचे, उद्यानाचे जाड तळव्यांचे बूट चढवायचे आणि परतल्यावर आपले जोडे घेऊन जायचे, असा तेथील नेम. सायंकाळी फळी रिकामी झाली, की डोंगरावर कोणी उरले नाही असे जाणून दादा फाटकावरचा मोठा दिवा मालवी. उतरणाऱ्यांना त्या दिव्यावाचून दुसरी खूण नव्हती. तो म्हणे, "माणूस खोटं बोलेल, जोडे बोलत नाहीत." अवघे आयुष्य त्याने या एका वाक्यावर निश्चिंतपणे तोलले होते.

त्या हिवाळ्यात त्याचा धाकटा शालक प्रथमच बहिणीकडे आला आणि गोठलेले सरोवर पाहण्याचा हट्ट धरून बसला.

"भाऊजी, आम्ही तुम्हांला बहीण दिली. तुम्ही निदान एक तळं तरी दाखवा!"

"तळं कुठं पळून जात नाही. आभाळ बघा मेहुणे, कसं गप्प बसलंय."

"तशी तर ताईसुद्धा बसते अधूनमधून. तुम्ही घाबरता का?"

"तिला? रोज."

हसण्याच्या भरात संमती दिली गेली. मात्र बूट चढवून निघालेल्या शालकाला दादाने बजावले, "अंधाराच्या आत या. शेवटच्या वळणावरून दिवा दिसेल, सरळ त्याच्याकडं चालत या."

"आणि नाही दिसला तर?"

"तर वाट चुकलात समजा. एक पाऊलही पुढं टाकू नका, आल्या वाटेनं मागं फिरा. पुढं कडा आहे."

दुपार कलली तसा वारा अकस्मात थांबला. पक्ष्यांचा शब्द मावळला. पाहुणे एकेक करून उतरू लागले. सकाळचा कलकलाट त्यांच्यात नव्हता. जोडे बदलून, मागे न पाहता ते निघून गेले. मन चिंती ते वैरी न चिंती, असे म्हणतात; दादाचे मन मात्र त्या दिवशी काहीच चिंतीत नव्हते. तो फाटकापुढचे बर्फ उपसत होता.

काम आटोपून तो खोलीत आला. फळी रिकामी होती. मेहुणे जोडे घालून खोलीच्या मागल्या दाराने घरात चहाला गेले असतील, असे समजून त्याने नित्याप्रमाणे दिवा मालवला आणि घरात पाऊल टाकले.

पत्नीने त्याच्या पाठीमागे पाहिले. "अहो, तो कुठं राहिला?"

"घरातच असेल ना?"

"इथं? मला वाटलं, तुमच्यापाशी बसलाय."

तेव्हा त्याची दृष्टी चुलीकडे गेली. शालकाचे जोडे तेथे होते. त्यांतून मंद वाफ निघत होती.

"हे इथं कुणी आणले?"

"मीच. अगदी गार पडले होते. म्हटलं, दमून येईल, पायांना ऊब मिळेल."

बहिणीच्या मायेला दोष कोणत्या तोंडाने द्यावा? त्याने धावत जाऊन दिवा लावला, तिला फाटकावरची घंटा बडवत राहायला सांगितले, आणि कंदील घेऊन तो वर निघाला.

शेवटच्या वळणावर पावले उमटली होती. ती खाली उतरली होती, तेथे थांबली होती. थांबल्या जागी बर्फ बराच वेळ तुडवला गेला होता. मग ती वळली होती. सांगितल्याप्रमाणे, आज्ञाधारकपणे, आल्या वाटेने मागे. त्यांच्यावर नवे हिम पडू लागले होते. "मेहुणे!" अशी हाक त्याने किती वेळा दिली कोण जाणे; दऱ्या तीच हाक परत करीत राहिल्या. थोड्याच अंतरावर पावले बुजली.

शोध पुढे पुष्कळ झाला. हिम वितळले, तरी काही सापडले नाही.

आजही ते जोडे फळीवर असतात. सांजेला पत्नी ते चुलीपाशी नेते, शेकते आणि स्वहस्ते जागेवर आणून ठेवते. फाटकावरचा दिवा तेव्हापासून मालवलेला नाही. एखादा पाहुणा सहज विचारतो, "दादा, सगळे उतरले ना? मग हे कुणाचे?"

दादा फळीकडे पाहतो.

"वर आहेत एक जण," तो म्हणतो.