उंबराचे शिवलेले पान

दसऱ्याला चित्र पूर्ण झाले. संक्रांतीच्या आदल्या दिवशी त्यातले घरटे बुजवले गेले. गुढीपाडव्याला दुरुस्तीची परवानगी मागितली. अक्षय्य तृतीया उलटली तरी ती आली नाही. वटपौर्णिमेला चित्रकार गेले. जबाबदार : आमच्या वसाहतीच्या उद्यान समितीचे अध्यक्ष, सचिव आणि "जरा स्वच्छ करून टाका" असे सांगणारे जे कोणी असतील ते.

माझे हे शेजारी निवृत्त चित्रकला शिक्षक होते. नाव लिहीत नाही. चित्राखाली त्यांनीही ते कधी लिहिले नाही. कुंचला कानामागे आणि बोट ओठांवर, असे ते बागेतल्या उंबराखाली घडीच्या खुर्चीवर बसलेले आपण सर्वांनी पाहिले आहेत. काही विचारायला जावे, तर उत्तर एकच : "थांबा, येईल ती."

ती म्हणजे शिंपीण. उंबराचे पान दुमडून, कडांना भोके पाडून, कापसाच्या टाक्यांनी ते शिवणारी आणि आत घरटे करणारी चिमुकली पाखरीण. अख्खा श्रावण सरांनी तिच्याकडे बघण्यात घालवला. घरट्याला बोटही लावले नाही.

मी म्हणालो, "सर, एक फोटो काढून घ्या की."

"मोबाइलला दिसेल हो. मला दिसायला नको का?"

मग बागेच्या भिंतीवरच्या चित्रात पांगारा आला, करवंदाची जाळी आली, बुलबुल आले. करवंदाच्या एका फांदीसाठी सर एसटीने हरसूलला जाऊन आले. समितीच्या एका सदस्यांना मात्र चैन पडेना. "नाशिक आहे सर, द्राक्षांचा घोस हवाच!"

"द्राक्षं मोसमात फाटकाबाहेर गाडीवर असतातच. आत हे राहू द्या."

सर्वांत शेवटी शिंपीण आली. चोचीत अळी, समोर शिवलेले पान. त्यावरचा टाका न् टाका मोजून घ्यावा असा.

संक्रांतीला बागेत पाहुणे येणार होते. सचिवांना ते पान फाटके दिसले. त्यांनी घरे रंगवणारा माणूस बोलावून त्यावर गुळगुळीत हिरवा रंग फासून घेतला. वर सरांना सांगितले, "किडकं पान नीट करून घेतलं बरं का, सर!"

सरांनी त्या हिरव्या रंगावरून बोट फिरवले. "अहो, घर होतं ते तिचं," एवढेच बोलले.

मी संतापलो. कलाकाराच्या संमतीवाचून त्याच्या कृतीत असा फेरफार करता येत नाही. नोटीस काढतो, असे मी बजावले.

"न्यायमूर्ती, चहा निवतोय," सर मला चिडवत म्हणाले. "भिंत समितीची आहे, विचारून करू. एका सकाळचं तर काम."

त्यांनी रीतसर अर्ज दिला. "पुढच्या बैठकीत बघू," असे उत्तर मिळाले. त्यानंतर सर रोज सकाळी भिंतीसमोर खुर्ची टाकून बसत, कुंचला कानामागे. मी विचारी, "आली का परवानगी?"

ते हसत. "थांबा, येईल ती."

ते गेले त्याच संध्याकाळी समितीने त्याच भिंतीवर श्रद्धांजलीचा भला मोठा फलक ठोकला. त्यासाठी कोणतीही बैठक लागली नाही. आता फलक उतरला आहे. बुलबुलाच्या छातीत खिळ्याचे भोक राहिले आहे.

शिंपीण मात्र अजून त्या कोऱ्या हिरव्या पानापुढे चोच पुढे करून बसली आहे. चोचीतली ती अळी तिने कुणाला भरवावी, हे अध्यक्षांनी आणि सचिवांनी भिंतीसमोर उभे राहून, आम्हा सर्वांच्या देखत सांगावे.