डाव्या दाराचा आवाज

फोन आला तेव्हा मी निगडीच्या घरी गॅलरीतले वाळलेले कपडे काढत होते. पलीकडून ताई म्हणाली, "शैला, शेडची किल्ली सापडत नाहीये गं." मला रागच आला. भर दुपारी किल्लीसाठी फोन करायचा? "दाजींना विचार ना," मी म्हटलं. ती म्हणाली, "हे गेले..." माणूस गेल्यावर पहिलं वाक्य कुठलं बोलायचं, हे कुणी शिकवून ठेवत नाही. ताईच्या तोंडी किल्ली आली. ती दाजींच्याच सदऱ्याच्या खिशात होती.

माझे दाजी, विश्वनाथराव, मूळचे परभणीकडचे. चाकणच्या एका मोटार कंपनीत, गाड्यांची बॉडी तपासायच्या खात्यात त्यांची हयात गेली. लाइनवरून गाडी आली की दाराच्या फटीवरून अंगठा फिरवायचा. डावी-उजवी फट जरा कमी-जास्त लागली की गाडी बाजूला. ही खोड घरीही होतीच. माझं कपाट, माझा फ्रिज, कशाची म्हणून सुटका नाही. पिंपळे सौदागरचा फ्लॅट ताब्यात घेताना त्यांनी बिल्डरच्या माणसाला एकेका दारापाशी इतकं उभं केलं, की तो शेवटी हात जोडून म्हणाला, "काका, घर आहे हो हे, गाडी नाही." मी चिडवायचे, "ताईला बघायला आलात तेव्हा अंगठा घरी विसरला होतात का?" ते म्हणायचे, "तिथंच तर फसलो की, मेहुणीबाई!" आणि ताई आतून लाटणं दाखवायची.

कुरुळीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मात्र त्यांची दुसरी माया होती. त्यांचे वडील गावच्या जमीनदारांकडे ड्रायव्हर होते. त्या जमीनदारांची ही जुनी गाडी... इंजिन आणि सांगाडा विलायतेचा, वरची बॉडी मात्र कारागिरांनी हातानं ठोकून घडवलेली. वरून उघडी, मागे दुमडणारं कापडी छत. तशी दुसरी गाडी कुठे नाही, असं जाणकार सांगत. जमीनदारांच्या नातवांना ती गोठ्यातली अडगळ वाटली. "तुमच्या वडिलांचाच जीव होता तिच्यावर, घेऊन जा," म्हणाले. दाजींनी ती टेम्पोवर घालून आणली आणि कित्येक वर्षांच्या सुट्ट्या तिच्यात घालवून चालू केली. दसऱ्याला झेंडूचा हार घालून ताईला शेजारी बसवायचं आणि चिंबळीपर्यंत एक फेरी मारून यायची, हा नेम. डावं दार जन्मापासूनच किंचित तिरकं. जरा उचलून ओढावं लागे, आणि लागताना घरातल्या म्हाताऱ्या माणसानं खाकरावं तसा आवाज करी. 'बसलीस का?' असं दाजींनी ताईला कधी विचारलं नाही. दार खाकरलं की ते गाडी सोडत.

गेल्या वर्षी त्यांचं हृदय कुरकुर करू लागलं. मुलगा बंगळुरूला, सोसायटीत पार्किंग एक, आणि शेड दुसऱ्याची. "मी गेलो की भंगारवाला हिचे तुकडे करून नेतोय बघ," ते मला म्हणाले. "माझ्या डोळ्यांदेखत हिला चांगल्या घरी द्यायचीय." गाडी विकायला काढली होती, पण भाषा सगळी स्थळ बघण्याची. पुष्कळ माणसं फोटो काढून गेली. शेवटी मुंबईच्या एका संग्राहकांनी फोटो पाहून कळवलं, "आहे तशीच ठेवा, मी येतो." दाजी हरखले. हेच ते घर, असं त्यांच्या मनानं घेतलं.

आणि मग त्यांनी ते केलं. आयुष्यभर फटी तपासलेला माणूस, त्याला ते तिरकं दार परक्यापुढे ठेववेना. मी म्हटलं, "अहो, ते 'आहे तशीच' म्हणालेत ना?" तर म्हणाले, "सगळेच म्हणतात तसं. पोरगी दाखवायची तर पदर नीट करावाच लागतो की." बिजागऱ्या काढल्या, दाराची कड ठोकली, जुना रंग खरवडून नवा मारला. अंगठा दोन्हीकडे सारखा फिरू लागला तेव्हा त्यांनी आम्हां बहिणींना मुद्दाम बोलावून दाखवलं. इतके खूश मी त्यांना मुलाच्या लग्नातही पाहिले नव्हते.

ते गृहस्थ आले. मोठे सालस. गाडीभोवती फिरता फिरता डाव्या दारापाशी थांबले. "हे बदललंत?" त्यांनी हळूच विचारलं. "बदललं नाही, सरळ केलं," दाजी म्हणाले. "आता दोन्ही बाजू एकसारख्या." पाहुणे स्टुलावर बसले आणि म्हणाले, "ज्यानं ही घडवली, त्याचा हात त्या दारात दिसत होता. मी त्यासाठीच आलो होतो." त्यांनी चहा घेतला, नमस्कार केला आणि गेले. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला अजूनही वाटतं.

त्यानंतर दाजी रोज शेडमध्ये जात. काय करतात ते ताईला सांगत नसत. एकदा मी डबा घेऊन गेले, तर डावं दार मांडीवर घेऊन बसलेले, हातात लाकडी हातोडी. माझ्याकडे न बघता म्हणाले, "वाकडं करता येईना, शैला. हात सरळच जायलाय..." मी डबा ठेवला आणि बाहेर येऊन रडले. पुढे त्यांनी दार तसंच गाडीला बसवून टाकलं आणि शेडकडे जाणंच सोडलं. किल्ली तेवढी खिशात असायची. हृदयानं गेले, असं डॉक्टर सांगतात. सांगोत बापडे.

परवा ताई आणि मी शेडवर गेलो. मालकांनी निरोप धाडला होता. बिचारे ओशाळून म्हणाले, "वैनी, शेड मोकळी करायची हाय. आमी तरी किती थांबायचं? गिऱ्हाईक मिळंना, तर भंगारवाल्याला सांगू का?" ताईनं मान हलवली. होय की नाही, मला कळलं नाही. त्यांना बहुतेक होय वाटलं.

ते गेल्यावर ताईनं गाडीवरची ताडपत्री ओढली. सवयीनं डावीकडे गेली, सवयीनंच दार जरा उचलायला गेली, पण उचलायची गरज नव्हती. आत बसून तिनं ते ओढून घेतलं. दार लागलं. आवाज झालाच नाही.

ती तशीच समोर बघत बसली. मग उजवीकडच्या रिकाम्या सीटकडे वळून हळूच म्हणाली, "बसले हो."